बत्तीस अंशांच्या अलीकडे: नागपुरात मायक्रोजेलचा प्रवाहवक्र घेताना

रात्रभर एसी चाललेल्या खोलीत सकाळी बाटली उलटी केली, तर नमुना जेलीसारखा तळाला धरून राहतो. दुपारी वीज जाऊन दीड तास झाला की तोच नमुना दुधासारखा पांढरा होतो आणि बाटली तिरपी करताच पाण्यासारखा धावतो. त्यात कुणी काही घातलेलं नसतं, त्यातून काही काढलेलंही नसतं. खोली ३२ अंशांच्या वर गेली, एवढंच झालेलं असतं.

हा नमुना म्हणजे पॉली-एन-आयसोप्रोपिलअॅक्रिलअमाइडच्या मायक्रोजेलचं पाण्यातलं निलंबन. प्रयोगशाळेत सगळे त्याला ‘पीनायपॅम’च म्हणतात. एकेक कण म्हणजे पाणी प्यायलेल्या जाळीचा चेंडू, व्यास अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. थंडीत तो फुगतो. ३२ अंशांच्या आसपास जाळीची साखळी पाण्यापेक्षा स्वतःलाच जवळ करते आणि चेंडू आकसून पाणी बाहेर टाकतो. असे कण १९८६ मध्ये पेल्टन आणि शिबांत यांनी प्रथम बनवले. मऊ कणांच्या प्रवाहाचा अभ्यास करणाऱ्यांना ते आवडतात, कारण एकाच बाटलीत नुसतं तापमान बदलून कणांची गर्दी कमी-जास्त करता येते. नागपुरात हाच गुण अडचणीचा होतो. मार्च ते जून खोलीचं तापमान नेमकं त्या ३२ अंशांच्या अलीकडे-पलीकडे फिरत असतं आणि नवतपात (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) तर कूलर लावूनही ते खाली येत नाही. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर तापमानाचा हिशेब येत राहील. प्रवाहवक्र म्हणजे नमुना किती वेगाने सरकवला (शिअर रेट) की किती ताण (स्ट्रेस) लागतो, त्याचा आलेख.

बनवण्यापासून सुरुवात करू. तीन तोंडांच्या ५०० मि.लि. फ्लास्कमध्ये ३०० मि.लि. आयनमुक्त पाणी, ३.४ ग्रॅम मोनोमर (एन-आयसोप्रोपिलअॅक्रिलअमाइड, साखळीचा सुटा दुवा), ०.२३ ग्रॅम बिसअॅक्रिलअमाइड आणि ०.०३ ग्रॅम एसडीएस. बिस म्हणजे जाळीच्या गाठी. इथे त्याचं प्रमाण मोनोमरच्या ५ मोल टक्के पडतं. गाठी वाढवल्या की कण कडक होतो आणि कमी फुगतो. एसडीएस हा साबण. तो जितका जास्त, तितके कण लहान. मोनोमर आधी हेक्झेनमधून पुन्हा स्फटिकवून घ्यावा, नाहीतर त्यातला प्रतिबंधक अभिक्रिया सुरूच होऊ देत नाही. मोनोमर आणि बिस दोन्ही त्वचेतून शरीरात जाऊ शकतात, त्यामुळे हातमोजे आणि धूरकपाट हवंच.

७० अंशांवर, ३०० आरपीएमच्या ढवळणीत, पाऊण तास नायट्रोजन सोडायचा. ऑक्सिजन उरला तर साखळी सुरू करणारे मूलक तिथेच मरतात. मग ०.१२ ग्रॅम पोटॅशियम परसल्फेट (हे मूलक त्यातून येतात) ५ मि.लि. पाण्यात विरघळवून एकदम ओतायचं. काही मिनिटांत द्राव निळसर झाक घेतो, मग पांढरा होतो. अर्ध्या तासानंतरही निळसर झाक दिसली नाही तर ऑक्सिजन किंवा जुनं परसल्फेट, या दोनपैकी एक कारण असतं. पाच तास चालू द्यायचं. या पाच तासांत वीज गेली तर ती बॅच कामाची राहत नाही. ढवळणी थांबली आणि तापमान घसरलं की कण एकसारखे राहत नाहीत, आणि कमी-अधिक आकारांच्या कणांवर पुढचे सगळे हिशेब डळमळतात. तेव्हा ढवळणी, हीटिंग मँटल आणि कंट्रोलर इन्व्हर्टरवर हवेत.

स्वच्छता हा कंटाळवाणा भाग, पण तो टाळला तर मोजमाप खोटं ठरतं. पाण्यात उरलेल्या सुट्या साखळ्या आणि साबण दाटपणा वाढवतात आणि कणांमधली ओढही बदलतात. १२ ते १४ हजार डाल्टनच्या डायलिसिस नळीत भरून दहा दिवस, रोज दोनदा पाणी बदलून. बाहेरच्या पाण्याची विद्युतवाहकता ताज्या आयनमुक्त पाण्याइतकी आली की थांबायचं. सुट्या लांब साखळ्या त्या नळीतून जात नाहीत. त्यासाठी दोन-तीन वेळा सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी फेकावं लागतं. फुगलेल्या कणाची घनता पाण्याच्या इतकी जवळ असते की साध्या टेबलावरच्या यंत्रात तो बसतच नाही. गुरुत्वाच्या दहा-वीस हजार पट बल आणि थंड रोटर लागतो.

मग फ्रीझ-ड्राय करून पावडर, आणि पावडर मोजून पाण्यात. पावडर दिसायला लगेच भिजते, पण आतून पूर्ण फुगायला तीन-चार दिवस घेते. बाटली फ्रिजमध्ये ठेवून अधूनमधून हळू फिरवत राहायची. दुसऱ्या दिवशी घेतलेलं रीडिंग आणि पाचव्या दिवशीचं रीडिंग जुळत नाही, आणि चूक यंत्राची समजून लोक कॅलिब्रेशन करत बसतात. पावसाळ्यात आणखी एक खबरदारी: कोरडी पावडर हवेतली ओल झपाट्याने ओढते. डेसिकेटरमधून काढून लगेच झाकणाच्या बाटलीत वजन करावं. तयार नमुन्यातला १ मि.लि. ओव्हनमध्ये सुकवून त्यातलं घनद्रव्य पुन्हा तपासावं. तराजूच्या खोलीत कूलरचा झोत नको. चौथा दशांश नाचत राहतो.

आता मुद्द्याचा प्रश्न: नमुन्यात कण किती ‘जागा’ व्यापतात? कडक गोळ्यांच्या बाबतीत वजनावरून आकारमान काढता येतं. ०.५८ च्या आसपास काचेसारखी स्थिती, ०.६४ च्या आसपास खच्चून भरलेली. मऊ कण दबतात, एकमेकांत थोडे शिरतात, त्यामुळे त्यांचा आकडा १ च्या वरही जातो. म्हणून खऱ्या आकारमानाऐवजी प्रभावी आकारमान घेतात, त्याला झीटा म्हणतात. झीटा म्हणजे वजनी सांद्रता गुणिले एक स्थिरांक. तो स्थिरांक अतिविरल द्रावाच्या श्यानतेवरून, म्हणजे दाटपणावरून, काढायचा. सापेक्ष श्यानता (पाण्याच्या तुलनेत) म्हणजे १, अधिक झीटाची २.५ पट, अधिक झीटाच्या वर्गाची ५.९ पट. यातला २.५ आइन्स्टाइनचा. १९०६ च्या लेखात त्याच्या हिशेबात चूक राहिली होती, ती १९११ मध्ये दुरुस्त झाली आणि २.५ आला.

हे काम उबेलोड श्यानतामापीत करतो, म्हणजे बारीक काचनळीतून द्राव उतरायला लागणारा वेळ मोजतो. ०.१ ते ०.४ टक्क्यांचे चार-पाच द्राव पुरतात. इथे तापमानाची किंमत आकड्यात दिसते. आमच्या कणांचा स्थिरांक २५ अंशांना १६ च्या आसपास आला. म्हणजे ०.१ टक्क्याच्या द्रावात झीटा ०.०१६ आणि श्यानतेतली वाढ जेमतेम ४ टक्के. पाणी २०० सेकंदांत उतरत असेल तर द्राव २०८ सेकंदांत. आणि पाण्याची स्वतःची श्यानता दर अंशाला सव्वादोन टक्क्यांनी बदलते. बाथ एक अंशाने हलला तर मोजायच्या गोष्टीतली निम्म्याहून जास्त वाहून गेली. बाथ ०.०५ अंशात स्थिर हवा. नुसता हीटरवाला बाथ इथे एप्रिलपासून निरुपयोगी असतो, कारण खोलीच ३५ च्या वर असेल तर तो २५ राखणार कसा? चिलर असलेलाच बाथ घ्यावा लागतो.

सोबत प्रकाश-विकिरणाने कणांची त्रिज्या २० ते ४५ अंशांपर्यंत दर दोन अंशांना मोजून ठेवायची. आमच्या बॅचची त्रिज्या २५ अंशांना २५० नॅनोमीटर, ३० ला २१०, ४० ला १२० च्या आसपास. आता ५.६ टक्क्यांचा नमुना घ्या. २५ अंशांना झीटा ०.९, म्हणजे कण एकमेकांना दाबून बसलेले, नमुना घट्ट. ३० अंशांना त्रिज्येचं गुणोत्तर ०.८४, त्याचा घन ०.५९, झीटा ०.५३. तोच नमुना आता सरळ द्रव. पाच अंशांत एका पदार्थाचा दुसरा पदार्थ झाला. म्हणून ‘५.६ टक्के पीनायपॅमचा यील्ड स्ट्रेस (नमुना वाहू लागायला लागणारा किमान स्ट्रेस) अमुक’ हे वाक्य तापमानाशिवाय अर्थहीन आहे, आणि तापमानही दशांशापर्यंत लिहिलेलं हवं.

रिओमीटर म्हणजे दोन प्लेटींमध्ये नमुना धरून वरची प्लेट फिरवणारं यंत्र. त्याची खालची, विजेने गरम-थंड होणारी पेल्टिअर प्लेट तापमान ०.१ अंशात राखते असं म्हणतात, ते खरं, पण एका अटीवर. पेल्टिअरला आपली उष्णता कुठेतरी सोडावी लागते, आणि ती फिरत्या पाण्यात सोडली जाते. हे पाणी गच्चीवरच्या टाकीचं असेल तर मे महिन्यात ते हाताला चटका देणारं असतं. मग पडद्यावर २० अंश दिसत नाहीत, किंवा दिसले तरी दर मिनिटाला डगमगतात. बंद चक्राचा छोटा चिलर लावून त्यात १५ ते २० अंशांचं पाणी फिरवावं. वरची प्लेट हवेत उघडी असते, तिच्यातून खोलीची उष्णता नमुन्यात उतरते. झाकण लावून नमुना भरल्यावर दहा मिनिटं थांबावं, आणि एकदा तरी पातळ थर्मोकपल दोन प्लेटींमध्ये घालून खरं तापमान बघून घ्यावं. हा फरक कळल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

प्लेट कोणती? कोन-प्लेटमध्ये (वरची प्लेट पसरट शंकूची) शिअर रेट सगळीकडे सारखा असतो, म्हणून पहिला कल तिकडेच जातो. ४० मि.मी., २ अंशांच्या कोनाला नमुना ०.६ मि.लि. पुरतो. पण मऊ कणांच्या दाट निलंबनाला गुळगुळीत धातू चालत नाही. भिंतीजवळ पाण्याचा अतिपातळ थर तयार होतो आणि त्यावरून अख्खा नमुना सुट्या तुकड्यासारखा घसरतो. यंत्राला वाटतं नमुना वाहतोय. आलेखात हे ओळखता येतं: कमी शिअर रेटला स्ट्रेस एका पातळीवर स्थिर व्हायला हवा, त्याऐवजी अचानक गुडघा मोडून खाली उतरतो. हा खालचा भाग घसरण्याचा आहे, पदार्थाचा नव्हे. बरेच जण त्याला ‘यील्ड स्ट्रेस नाही’ असं वाचतात. तिथे खरी चूक होते.

उपाय म्हणजे खडबडीत भिंती. यंत्र बनवणाऱ्यांकडून खाच पाडलेल्या प्लेटी मिळतात, महाग असतात. हार्डवेअरच्या दुकानातला वॉटरप्रूफ पॉलिश पेपर, २४० ते ६०० नंबरचा, दुतर्फी पातळ टेपने दोन्ही समांतर प्लेटींवर चिकटवला की तेच काम होतं. कापडी किंवा साध्या कागदाचा नको. तो भिजून फुगतो आणि गॅप बदलतो. कागद लावल्यावरच गॅपचा शून्य घ्यायचा, आधी नाही. कोनाला हा कागद लावता येत नाही, कारण त्याच्या टोकाशी गॅप ५० मायक्रॉनच्या आसपासच असतो.

समांतर प्लेटची किंमत अशी की शिअर रेट केंद्रात शून्य आणि कडेला सर्वाधिक. यंत्र स्ट्रेस देतं तो द्रव न्यूटनी (स्ट्रेस शिअर रेटच्या प्रमाणात वाढणारा) आहे असं धरून. यील्ड स्ट्रेसच्या सपाट भागात हा आकडा खऱ्यापेक्षा एक तृतीयांशाने जास्त असतो, म्हणून तो ०.७५ ने गुणावा लागतो. बाकी वक्रासाठी टॉर्कचा, म्हणजे प्लेट फिरवायला लागणाऱ्या पिळाचा, शिअर रेटशी लॉग-लॉग उतार काढून त्यात ३ मिळवायचे, त्याने टॉर्क गुणायचा आणि २ पाय गुणिले त्रिज्येच्या घनाने भागायचं. काही सॉफ्टवेअर ही दुरुस्ती करतं, काही करत नाही. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नसले तर सगळ्यात आधी हे तपासावं.

घसरणं थांबलं की नाही, हे नुसता कागद लावून गृहीत धरू नये. अर्धा आणि एक मि.मी. अशा दोन गॅपना तोच वक्र घ्यावा. दोन्ही एकमेकांवर बसले तर ठीक. दुसरी चाचणी डोळ्यांची: नमुन्याच्या कडेवर, वरच्या प्लेटपासून खालच्या प्लेटपर्यंत, कार्बन पावडरची एक उभी बारीक रेघ ओढायची आणि हळू फिरवायचं. रेघ सगळीकडे सारखी तिरपी झाली तर पदार्थ वाहतोय. मधली रेघ उभीच राहून टोकाशी तुटली तर घसरतोय. आमच्याकडे नवीन येणारा प्रत्येक विद्यार्थी पहिल्या दिवशी ही रेघ बघतो. आलेखावर तासभर बोलण्यापेक्षा ती जास्त शिकवते.

नमुना भरणं. ४० मि.मी. प्लेट आणि १ मि.मी. गॅपला १.२६ मि.लि. लागतो, घालायचा १.४. घट्ट नमुना बारीक सुईच्या सिरिंजमधून दाबून काढू नये, चमच्याने ठेवावा. बुडबुडे हा मोठा शत्रू, आणि घट्ट नमुन्यातून ते वर येत नाहीत. पीनायपॅमला इथे एक सोय आहे: बाटली ३० अंशांवर नेली की नमुना पातळ होतो, तेव्हा सेंट्रिफ्यूजमध्ये हळू फिरवून बुडबुडे काढायचे, पातळ असतानाच प्लेटवर घालायचा आणि प्लेटमध्येच थंड करायचा. प्रत्येक वेळी एकाच मार्गाने आल्याने वक्रही पुन्हा पुन्हा जुळतात. मात्र ३२ च्या वर नेऊ नये. आकसलेल्या कणांमध्ये ओढ निर्माण होते, आणि थोडंही मीठ असेल तर गुठळ्या धरतात. त्या थंड केल्यावर सुटायला वेळ लागतो. वरची प्लेट सावकाश उतरवायची, १.०२५ मि.मी.ला थांबून कड प्लास्टिकच्या पट्टीने साफ करायची, मग १ मि.मी. कड किंचित फुगलेली दिसली पाहिजे.

आणि बाष्पीभवन. मेच्या दुपारी इथली हवा इतकी कोरडी असते की उघडी कड दहा मिनिटांत साय धरते. टॉर्कमध्ये कडेचा वाटा सर्वांत मोठा, त्यामुळे सायीने स्ट्रेस वाढलेला दिसतो आणि लोक त्याला नमुन्याचं ‘वय वाढणं’ म्हणून लिहून टाकतात. सॉल्व्हंट ट्रॅपमध्ये पाणी भरावं, झाकणाच्या आत ओला स्पंज ठेवावा, आणि कडेला कमी श्यानतेच्या सिलिकॉन तेलाचा एक फेर द्यावा. प्रयोगाच्या सुरुवातीला आणि शेवटी प्लेट किंचित मागेपुढे हलवून, १ हर्ट्झ, अर्धा टक्का स्ट्रेनला (गॅपच्या तुलनेत नमुना सरकतो ते अंतर) लवचीकता गुणांक, म्हणजे नमुन्याचा ताठपणा, मोजायचा. ५ टक्क्यांहून जास्त वाढला असेल तर तो संच टाकून द्यायचा, कितीही सुंदर आलेला असो.

आता वक्र. नमुना भरताना त्यावर काय काय ताण पडले ते त्याच्या आत साठलेलं असतं. ते पुसायला ५० प्रति सेकंदाने ६० सेकंद फिरवायचं, मग १२० सेकंद विश्रांती. विश्रांतीत प्लेट अडवून ठेवायची नाही. स्ट्रेस शून्य ठेवून प्लेट मोकळी सोडायची, नाहीतर आतला ताण तसाच अडकून राहतो. मग शिअर रेट १०० वरून ०.०१ पर्यंत, वरून खाली, दर दशकाला पाच बिंदू. खालून वर गेलं तर प्रत्येक बिंदूला नमुना स्थिरातून सुटण्याची धडपड मोजली जाते. प्रत्येक बिंदूवर किमान १० सेकंद, आणि किमान दोन एकक स्ट्रेन होईपर्यंत थांबायचं. ०.०१ ला हे २०० सेकंद होतात. सगळा वक्र बारा मिनिटांच्या आत संपतो. ०.००१ पर्यंत जायचा मोह होतो, पण मग दीड तास लागतो आणि कड वाळते.

छोट्या आकड्यांवर विश्वास ठेवण्याआधी टॉर्कची मर्यादा बघावी. यंत्राचा किमान टॉर्क ०.१ मायक्रोन्यूटन-मीटर असेल तर ४० मि.मी. प्लेटला स्ट्रेसची तळरेषा ०.००६ पास्कलच्या आसपास येते. तिच्या दहापट वरचेच बिंदू आम्ही धरतो.

झीटा ०.९ ला येणाऱ्या वक्रावर हर्शेल आणि बल्कली यांचं १९२६ चं सूत्र बसतं: स्ट्रेस म्हणजे यील्ड स्ट्रेस, अधिक एक स्थिरांक गुणिले शिअर रेटचा घात. घातांक ०.५ च्या जवळपास आला तर मऊ, दाबून बसलेल्या कणांचं वर्तन समजायचं. ०.२ किंवा ०.८ आला तर सूत्राला दोष देण्याआधी घसरण आणि तापमान तपासावं. तिन्ही संख्या एकदम शोधायला सॉफ्टवेअरवर सोडू नये. आधी सपाट भागावरून यील्ड स्ट्रेस ठरवावा, तो वजा करून उरलेल्याचा लॉग-लॉग उतार घ्यावा. १ प्रति सेकंदाच्या वरचेच बिंदू असतील तर काढलेला यील्ड स्ट्रेस हा निव्वळ अंदाज असतो. खात्रीसाठी वेगळा नमुना भरून ठरावीक स्ट्रेस द्यायचा: यील्डच्या खाली स्ट्रेन थोडा वाढून थबकतो, वर तो सरळ रेषेत वाढत राहतो. आंदोलनी चाचणीतही लवचीकता गुणांक काही टक्के स्ट्रेनपर्यंत सपाट असतो, मग पडतो. गुणांक गुणिले तो स्ट्रेन हा यील्ड स्ट्रेसच्या परिमाणाचा असायला हवा. तीन रस्त्यांनी आलेले आकडे दुपटीच्या आत असले तर समाधान मानावं.

३० अंशांचा, झीटा ०.५३ चा वक्र मात्र वेगळा. तिथे यील्ड स्ट्रेस नाही. कमी रेटला श्यानता स्थिर, पुढे ती घसरते. श्यानतेची ही घट कुठे सुरू होईल याचा अदमास कणाला स्वतःच्या त्रिज्येइतकं सरकायला लागणाऱ्या वेळेवरून येतो. विरल द्रावात २१० नॅनोमीटर त्रिज्येच्या कणाला ०.०३ सेकंद, म्हणजे ३० प्रति सेकंदाच्या आसपास. गर्दीत हा वेळ वाढतो, त्यामुळे ही घट त्याच्या बरीच आधी सुरू होते.

उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना हात बसवायला आम्ही कार्बोपॉल देतो, सॅनिटायझर आणि केसांच्या जेलमध्ये असतं तेच. त्याच्या कणांचा आकार तापमानाला इतका हळवा नाही, पण यील्ड, घसरणं, बुडबुडे हे सगळं त्यातही शिकता येतं. २०० ग्रॅम पाण्यात ०.४ ग्रॅम, चहाच्या गाळणीतून शिंपडत, ढवळत्या पाण्यावर. एकदम टाकलं तर बाहेरून ओल्या, आतून कोरड्या गाठी होतात आणि त्या सुटत नाहीत. तासभर ढवळून मग सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने, पीएच ७ पर्यंत. जसजसं उदासीन होतं तसतसं घट्ट होतं. त्या क्षणी वेगाने ढवळलं तर हवा कायमची अडकते, तेव्हा चमच्याने हातानेच फिरवावं. नळाचं पाणी चालत नाही. त्यातले कॅल्शियमचे आयन जाळी आवळतात आणि जेलचं पातळ पाणी होतं.

वहीत प्रत्येक वक्रासोबत बॅच, वजनी सांद्रता, प्लेटचं मोजलेलं तापमान, चिलरचं तापमान, पॉलिश पेपरचा नंबर, गॅप, आधीच्या फिरवणीचा रेट आणि वेळ, आणि शेवटच्या तपासणीतला गुणांक लिहायचा. यातली एक गोष्ट राहिली तर सहा महिन्यांनी तो वक्र कशाचा होता ते सांगता येत नाही.

प्लेट धुवायला कोमट पाणी घेऊ नये. साध्या जेलसाठी ती सवय बरोबर आहे, पण पीनायपॅम कोमट पाण्यात आकसतो आणि धातूवर पांढरी चिकट साय धरतो, ती पुढच्या नमुन्यात उतरते. मे महिन्यात नळाला येतं ते पाणी ३२ अंशांच्या वरचंच असतं. आयनमुक्त पाण्याची एक बाटली कायम फ्रिजमध्ये ठेवतो, त्या गार पाण्याने प्लेट दोन मिनिटं भिजू देतो आणि मगच पुसतो.